मनगटावरची पट्टी

नवी टेप हातात आली की ते आधी नखानं तिचं टोक उचलत, बोटभर तुकडा फाडत आणि डाव्या मनगटाच्या आतल्या अंगाला, जिथं वैद्य नाडी बघतो तिथं, लावून टाकत. मग दिवसभर तो तुकडा तिथंच. जेवताना, हात धुताना, सायकल चालवताना. संध्याकाळी दुकान आवरायच्या आधी दिव्याखाली हात धरून तो सावकाश सोलत आणि खालच्या कातडीकडं बघत बसत. कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं.

“चिकटायचं काय घेऊन बसलाय? समदंच चिकटतंय की. निघताना कसं वागतंय ते बघायचं.”

टेप पास कधी आणि नापास कधी, तेही ठरलेलं. एखादा केस उपटून नेला तर चालतंय. कातडी लाल केली किंवा मागं चिकटा ठेवून गेली, की तो अख्खा रोल शेजारच्या किराणा दुकानदाराला पुड्या बांधायला फुकट.

कोल्हापुरात रिळाच्या कॅमेऱ्यावर ज्यांनी पोट भरलं, त्यांच्या ध्यानात आलंच असेल मी कुणाबद्दल लिहितेय. नाव लिहीत नाही, कारण त्यांना स्वतःलाच ते लिहायची हौस नव्हती. लक्ष्मीपुरीत एका जिन्याखाली त्यांची खोली होती आणि दुकानाला पाटीच नव्हती. मी एकदा म्हटलं, पाटी लावा की हो, माणसं शोधत फिरतात. तर म्हणाले, “ज्येचा कॅमेरा बिघडतोय त्येला दुकान घावतंय अक्का. ज्येचा चांगला हाय, त्येचं हितं काय काम?”

माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. मूळचे सीमाभागातले, घरात कानडी, बाजारात मराठी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि बारीक काम करताना डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर सरकवायची सवय असल्यामुळं मधला पट्टा कायम पुसलेला. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांत मुंगीएवढे स्क्रू मांडून ठेवलेले असायचे. त्या टेबलाजवळ शिंकायची बंदी होती. शिंक आली की गिऱ्हाइकानं बाहेर बोळात पळायचं.

आता माझ्याबद्दल. नातवंडं विचारतात, आजी, तू तेव्हा कशी होतीस गं? त्यांना मी सांगते, गुणी होते. तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. मी भयंकर शहाणी होते.

नव्वदीची सुरुवात होती. आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला आणि घराखालचा फोटो स्टुडिओ माझ्या गळ्यात पडला. हे कॉटवरून शिकवायचे आणि मी खाली येऊन करायचे. दोन महिन्यांत मला वाटायला लागलं की फोटोग्राफीचा शोध मीच लावलाय. पदर खोचून, ह्यांचं मोठं घड्याळ मनगटात घालून, खांद्याला बॅग लटकवून मी लग्नांत फिरायचे आणि मामा, काकांना “जरा मागं व्हा” म्हणून दरडावायचे. बायका माझ्याकडं कौतुकानं बघतायत असं मला वाटायचं. माझी जाऊ पुढं बऱ्याच वर्षांनी म्हणाली, “अगं, तुझा खोचलेला पदर मागनं सुटलेला असायचा, ते बघायच्या.”

त्या जिन्याखालच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले ती स्टुडिओतला जुना लाकडी कॅमेरा घेऊन. ज्याला पुढं चामड्याचा घडीचा भाता असतो तो. भात्याला बारीक भोकं पडली होती आणि फोटोवर पांढरे ठिपके उठत होते. आता भोक दिसलं की माणूस काय करतो? बुजवतो. मी बुजवलं होतं. तरी ठिपके येतच होते, म्हणून रागारागानं त्यांच्या टेबलावर तो कॅमेरा आदळला. आदळला म्हणजे खरंच आदळला, दोन स्क्रू उडाले.

त्यांनी दार लावलं, दिवा मालवला आणि भात्याच्या आत एक छोटा बल्ब सोडून लावला. त्या अंधारात काळ्या भात्यावर चांदण्या उमटल्या, चाळीसेक तरी असतील. मला तर ते बघून क्षणभर छानच वाटलं. त्यात तीन चांदण्या मात्र गोल, चांगल्या मोठ्या आणि लालसर.

“अक्का,” अंधारातून आवाज आला, “कॅमेऱ्याला हळदीकुकू केलासा काय वो?”

मी भोकांवर माझ्या टिकल्या लावल्या होत्या. मखमली, मरून रंगाच्या, मागं गोंद असलेल्या. मला ती युक्ती इतकी आवडली होती की ह्यांनाही सांगितली नव्हती. दिवा लागला तेव्हा ते भिंग कपाळावर सारून पोट धरून हसत होते. मग चिमट्यानं त्यांनी तिन्ही टिकल्या अलगद काढल्या, एकेकीची पाठ बघितली आणि टेबलाच्या कडेला ओळीनं लावून ठेवल्या. “गोंद बरा हाय,” म्हणाले. “पर उजेड गाळून घेतीया.”

त्या दिवसापासून माझी त्यांच्याकडं शिकवणी सुरू झाली. मी तिला शिकवणी म्हणत नव्हते, मी म्हणायचे, “जरा बसते, ऊन आहे.”

त्यांच्या खिडकीच्या गजांना बाहेरून पत्र्याचा एक तुकडा बांधलेला होता. त्यावर जगातल्या सगळ्या टेपांचे तुकडे एकाखाली एक. वर्षभर ऊन खायचे. वायरमनची काळी चकचकीत टेप मेच्या उन्हात घाम गाळायची आणि आपल्याच चिकट्यावरून इंचभर खाली उतरायची. पारदर्शक टेपचा पिवळा पापड व्हायचा. दवाखान्यातली कापडी पट्टी बरे दिवस तग धरायची, पण पाणी प्यायची. ते रोज सकाळी पत्र्यासमोर उभे राहून कोण किती घसरलं ते बघायचे, आणि एखादी नको तिथं पोचली की तिला बोलायचे. “बिड्री आता. सोडा. तुमच्यानं हुतंय व्हय?” बिड्री हा त्यांचा कानडी शब्द, सोडा किंवा जाऊ द्या अशा अर्थाचा. तो दिवसातून पन्नास वेळा यायचा. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तरी बिड्री, भिंग हातातून निसटलं तरी बिड्री.

दुसरा पत्रा पावसाळ्यात गगनबावड्याला जायचा. त्यांची धाकटी बहीण तिथं दिलेली होती, तिच्या सोप्यात पाण्याच्या घागरीवर तो टांगायचा. बावड्याचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, तिथं उशीसुद्धा हिरवी होते. गणपतीच्या सुमाराला ती एसटीच्या कंडक्टरबरोबर पत्रा परत धाडायची आणि सोबत चिठ्ठी. “दुसरी पडली. तिसरीला बुरशी. वरची अजून हाय. अण्णा, तुला दुसरा उद्योग न्हाय का?” चिठ्ठी ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचे, शेवटचं वाक्य सोडून. ते मी नंतर चोरून वाचलं.

दोन्ही पत्र्यांवर पास झालेली टेप एकच होती. काळी, कापडी, अजिबात न चकाकणारी, हातानं सरळ रेषेत फाटणारी. ती बाजारात मिळत नसे. सिनेमाच्या शूटिंगवर दिव्यांची कामं करणारा एक ओळखीचा माणूस उरलेला रोल त्यांना आणून द्यायचा. “ह्या लोकास्नी दुसऱ्याच्या घरात वायरी चिकटवाय लागत्यात,” त्यांनी मला समजावलं. “आन् सीन झाला की भिंतीचा रंग न काढता समदं आवरून जायाचं. म्हनून हिला निघायची रीत म्हाईत हाय.” ही टेप ते पेन्सिलीच्या तुकड्यांवर गुंडाळून ठेवायचे, आणि तिचा दोन बोटं तुकडा फाडतानासुद्धा चेहरा असा करायचे की जणू अंगावरचा मांसाचा तुकडा देतायत.

इतकं सगळं मी बघितलं, ऐकलं, मान डोलावली. आणि पुढं काय केलं ते ऐका.

वैशाखातलं लग्न होतं, कळंब्याच्या पुढच्या एका गावातल्या शेतकरी घरातलं. आदल्या दिवशी मला दिसलं की ह्यांच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण डाव्या बाजूला सैल झालंय, फट पडलीय. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघत फोटो काढायचा असतो. मी तो घेऊन जिन्याखाली गेले. त्यांनी झाकण उघडलं, मिटलं, कानाशी नेऊन वाजवलं.

“ठेवून जावा. चार दिस.”

“चार दिवस? एक पट्टी लावायला?”

“जुनं खरवडाय पायजे. वाळाय पायजे. मग पट्टी.”

“उद्या लग्न आहे माझं!”

“परत?” म्हणाले. “मालकास्नी म्हाईत हाय न्हवं?”

मला हसू आलं नाही. चाळिशीत मला माझ्यावर केलेला विनोद कळत नसे. मी कॅमेरा उचलला, गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर चढलेल्या वायरमनला खाली उतरवलं आणि त्याच्या खिशातली चकचकीत टेप झाकणाच्या कडेवर दोन पदर गुंडाळून घेतली. चार दिवसांचं काम मी दोन मिनिटांत केलं होतं. घरी येताना माझी चाल बघण्यासारखी असणार.

लॅबमधून प्रिंट आले तेव्हा प्रत्येक फोटोत डाव्या बाजूनं सूर्य उगवला होता. मांडवात सूर्य, पंगतीत सूर्य, अक्षता पडताना सूर्य. टेप उन्हात सरकली होती आणि फट उघडी पडली होती. नवरा-नवरी उजवीकडं असल्यानं बरीचशी वाचली होती. पण एक फोटो होता, नवरीच्या आजोबांचा. आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर न बसलेला तो म्हातारा या एका नातीसाठी बसला होता, आणि तोही फोटोच्या डाव्या बाजूला. पटक्याच्या खाली चेहरा असायला हवा तिथं नुसता केशरी जाळ.

घरचे फोटो न्यायला आले तेव्हा मी काय म्हणाले असेन? तुम्ही ओळखलंत. मी म्हणाले, “लॅबनं घोळ केला.” डोळ्याची पापणी न हलवता. आणि ते गेल्यावर कॅमेरा घेऊन जिन्याखाली गेले, कारण टेपचा चिकटा आता आतपर्यंत झिरपून बटणसुद्धा दाबलं जात नव्हतं.

त्यांनी झाकण उघडलं. डांबरासारखे काळे धागे ताणले गेले. त्यांनी भिंग लावून एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, कुणी केलं वगैरे काही विचारलं नाही. मी आपणहून म्हणाले, “वायरमननं लावली.” खोटं नव्हतंच ते.

“हां,” म्हणाले. “वायरमननं.”

तेवढ्यात बोळात जीप थांबल्याचा आवाज आला आणि दारात नवरीचे वडील उभे. मागं तालमीतले चार-पाच गडी, प्रत्येकाचा दंड माझ्या मांडीएवढा.

“तुमी हितं हाय व्हय? स्टुडिओत गेलतो. मालक म्हनले, कॅमेरा घेऊन हिकडं आलाय. त्या लॅबवाल्याचा पत्ता द्या.”

“कशाला?” मी म्हटलं.

“कशाला म्हंजे? माझ्या बापानं जलमात कुनाला फोटू काडू दिला न्हाय. नातीपायी पयल्यांदा बसला, आन् त्या भाद्दरानं त्येच्या तोंडावरच जाळ लावला! आज त्येची मशीन आन् त्यो, दोगंबी पंचगंगंत.”

लॅबमधला तो माणूस मला माहीत होता. बारकासा, चष्मेवाला. मला नेहमी विचारायचा, वहिनी, साहेबांचा हात हलायला लागला का?

“बसा पावणं,” दुरुस्तीवाले शांतपणे म्हणाले. “च्या सांगतो.” बोळात तोंड काढून त्यांनी चहा सांगितला, परत आले, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि तो बोळा आणि उघडा कॅमेरा माझ्या हातात दिला.

“अक्का, धरा. तुमी पुसा.”

इतक्या दिवसांत त्यांनी मला कधी स्क्रूला बोट लावू दिलं नव्हतं. मी पुसायला लागले. चिकटा कापसाला लागला, कापसातून बोटांना, बोटांवरून ह्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याला. एका बोटाचा काढावा तर दुसऱ्याला. पाहुणे माझ्या हातांकडं बघत होते. दुरुस्तीवाले कुणाकडंच बघत नव्हते. ते आपल्या मनगटावरची त्या दिवशीची पट्टी सोलण्यात गुंतले होते. अजून दुपारसुद्धा झाली नव्हती.

“ह्यो डांबर कसला?” पाहुण्यांनी विचारलं.

मी बोळा खाली ठेवला.

“टेपचा,” मी म्हणाले. “मी लावून घेतली होती. ह्या दुरुस्तीवाल्यांनी नको म्हटलं होतं. लॅबवाल्याचा काही दोष नाही. उजेड इथून शिरलाय, माझ्यामुळं.”

पाहुण्यांना ते पोचायला वेळ लागला. पोचलं तसा त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

“मग आदी का न्हाय सांगितलंसा?”

“लाज वाटली.”

“लाज! आन् आमी त्या गरिबाला तुडवून आलो असतो म्हंजे?”

चहा आला. ते चहा प्यायले, तालमीतले गडी दारातच उभ्याउभ्या प्यायले. कप खाली ठेवून ते म्हणाले, “म्हातारा अंथरुनाला लागलाय. लगीन झालं आन् आठ दिसांत पडला. डाक्टर काय धड बोलत न्हाय.”

“मी उद्या येते,” मी म्हणाले.

“उद्या म्हंजे उद्याच या,” म्हणाले आणि गेले.

मी वळून म्हणाले, “लावा आता ती चांगली टेप. हात जोडते.”

“न्हाय जमायचं. स्पिरिट मुरलंय, ओल हाय. ह्येच्यावर कसलीबी लावा, सरकनार. तीन दिस.”

“तीन दिवस तो म्हातारा…”

“म्हनून तर,” ते म्हणाले. “टेप नको.” आणि आपले दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. मला आधी वाटलं, काही मागतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आम्ही त्या घराच्या अंगणात होतो. मी आणि ते. त्यांनी दुकान बंद ठेवलं होतं. माझ्या माहितीत पहिल्यांदाच. जुन्या छत्रीचं काळं कापड त्यांनी आणलं होतं, ते दुहेरी करून कॅमेऱ्याला डावीकडून गुंडाळलं आणि त्यावरून एक हात खालून आणि एक हात फटीवर असा घट्ट दाबून धरला. म्हणजे कॅमेरा माझ्या गळ्यात, आणि ते कॅमेऱ्याला. मी एक पाऊल मागं घेतलं की त्यांनी एक पाऊल मागं घ्यायचं. मी वाकले की त्यांनी वाकायचं. अंगणातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. गावातल्या कोंबड्यासुद्धा बघायला थांबल्या.

नवरीला परत शालू नेसवला होता, मुंडावळ्या बांधल्या होत्या. नवरदेव इचलकरंजीत मागावर कामाला होता, तो पाळी टाकून आला होता. त्याच्या केसांत कापसाचा बारीक भुगा होता आणि मुंडावळ्या बांधताना तो सगळा त्याच्याच नाकात जात होता. म्हाताऱ्याला बाजल्यासकट उचलून बाहेर आणलं, मागं उशा दिल्या, पटका बांधला. चेहरा उतरत्या उन्हाकडं. डोळे अर्धे मिटलेले. नात बाजल्यावर टेकून बसली.

मी कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत बघत होते, आणि बाजलं काही केल्या त्यात सरळ बसेना. कानाशी ते बारीक आवाजात म्हणाले, “सावकास अक्का. मी हाय की.”

सात फोटो काढले. सातही वेळा म्हातारा बंद दारासारखा. आठव्याच्या आधी त्यानं डोळे उघडले, आमच्याकडं नीट बघितलं आणि अंथरुणावर पडल्यापासून म्हणे पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला.

“एका फोटूला दोन मानसं लागत्यात व्हय रं?”

“एक फोटू काडती,” दुरुस्तीवाले म्हणाले, “एक उजेड आडवतोय.”

“उजेड आडवाय मानूस ठेवलाय!” म्हातारा म्हणाला आणि हसला. एकही दात नसलेलं, मान मागं टाकून, बाजलं हलवणारं हसू. मी बटण दाबलं.

या वेळी लॅबवर ढकलायची सोयच राहू नये म्हणून मी काळ्या-पांढऱ्या फोटोंचं रीळ भरलं होतं. ते घरीच धुतलं. हे खुर्चीवर डार्करूमच्या दाराबाहेर बसून विचारत होते, “आला का गं?” आला होता. कुठंही सूर्य नाही. पण ओल्या निगेटिव्हवर आठवा फोटो बघितला आणि मी कपाळाला हात लावला. उतरतं ऊन आमच्या पाठीशी होतं आणि मी खाली बघायला विसरले होते. बाजल्याच्या पायाशी अंगणात आमची सावली पडली होती. दोन डोकी, चार कोपरं आणि मध्ये एक खोका.

ह्यांचा पहिला धडाच तो होता. आपली सावली ज्यात आली तो फोटो फाडायचा. ह्यांनी प्रिंट चांगल्या हातात धरून बघितला आणि न फाडता मला परत दिला.

नवरीच्या वडिलांनी आठांतून तोच उचलला. मी म्हटलं, “खाली सावली आलीय, तेवढं कापून देते.”

“ऱ्हाऊ द्या,” म्हणाले. “म्हातारा ज्येला हसला, ते बी असू द्या की फोटूत.”

म्हातारा आषाढात गेला. फोटोला हार घालताना त्यातला म्हातारा हसतोय म्हणून गावात बरीच चर्चा झाली म्हणे.

तो फोटो काढल्यावर तीन दिवसांनी दुरुस्तीवाल्यांनी कॅमेऱ्याला ती चांगली पट्टी लावून दिली आणि ती पुढं दहा वर्षं टिकली. त्या प्रसंगाविषयी मात्र आम्ही कधी बोललो नाही. एकदाच, बऱ्याच वर्षांनी, मी विचारलं, त्या दिवशी तो कापूस माझ्या हातात का दिलात? ते स्क्रू शोधत होते. मान वर न करता म्हणाले, “बोट कापलं हुतं माझं. स्पिरिट झोंबतंय न्हवं.”

बोटबीट काही कापलं नव्हतं. मी बघितलं होतं.

मग रिळाविना चालणारे कॅमेरे आले. पहिला बिघडलेला डिजिटल कॅमेरा त्यांच्या टेबलावर आला तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून मला विचारलं, “ह्यात उजेड शिरतोय कुठनं?” शिरतच नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले. गिऱ्हाईक आटत गेलं. बोळातली माणसं रिमोटची झाकणं आणि चष्म्याच्या काड्या घेऊन यायची, त्यालाही ते मनगटावर तपासल्याशिवाय पट्टी लावायचे नाहीत. आमचा स्टुडिओही मुलानं बदलला, झेरॉक्स घातलं. मी आजी झाले आणि पदर नीट खोचायला शिकले.

एक दिवस दुकान बंद करतोय म्हणून सांगायला ते स्वतः घरी आले. बहिणीकडं राहणार होते, बावड्याला. जाताना खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, त्यावर टेप गुंडाळलेली.

“दोन वीत हाय. भाराभर लावू नका.”

“आता कुठं लावू मी ही?”

“काय म्हाईत,” म्हणाले. “घरात असू द्यावी.”

नंतर मी त्या बोळातून गेले तर खोली रिकामी. भिंतींवर त्यांनी काय काय चिकटवलं होतं, यादी, कागद, लग्नपत्रिका. कशाचीही खूण राहिली नव्हती, रंगाचा पोपडासुद्धा उडाला नव्हता. टेबल शेजारच्या शिंप्यानं घेतलं होतं. त्याच्या कडेला तीन टिकल्या ओळीनं होत्या. शिंपी म्हणाला, “निघतच न्हाईत बगा.”

दोन-तीन वर्षांनी भर पावसात एक बाई छत्री मिटत दारात आल्या. मी ओळखलं नाही, पण त्यांनी “अक्का” म्हटलं तशी ओळखलं. पत्र्यासोबतच्या चिठ्ठ्यांतली धाकटी बहीण. अण्णा गेला म्हणाल्या, गेल्या महिन्यात, झोपेतच. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. सकाळपासून चार स्टुडिओ हिंडून आल्या होत्या.

“समद्या कोल्लापूरचं कॅमेरं त्येच्या हाताखालनं गेलं,” त्या म्हणाल्या. “एकानंबी त्येचा फोटू काडला न्हाय?”

मी कपाटाकडं गेले, उगीच. मला ठाऊक होतं, माझ्याकडंही नव्हता. इतकी वर्षं गळ्यात कॅमेरा घेऊन मी त्या माणसासमोर बसले होते. बॅगेत रीळ असायचं, खिडकीतून चांगला उजेड यायचा. एकदाही बटण दाबायचं सुचलं नाही. मग निगेटिव्हच्या पाकिटांवर हात फिरवता फिरवता थांबले.

त्या आठव्या फोटोचा खालचा कोपरा मी मोठा करून आणला. अंगणातली माती, बाजल्याचा एक पाय आणि सावली. बहिणीनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“ह्यात अण्णा कुटला?”

“उंच डोकं आहे ते. आणि हे दोन हात, खोक्याला धरलेले.”

त्यांनी सावलीतल्या एका कोपरावर बोट ठेवलं. “व्हय,” म्हणाल्या. “कोपार असंच भाईर काडून बसायचा. जेवताना मला लागायचं.”

फ्रेमवाला मागच्या बाजूला खाकी पट्टी लावत होता. मी म्हटलं, थांब, ही बावड्याच्या पावसात जाणार आहे, मागची बाजू मी बंद करते. बहिणीला म्हटलं, एक दिवस राहा. पेन्सिल शोधून काढली. टोक नखानं उचललं, बोटभर तुकडा फाडला आणि डाव्या मनगटाच्या आतल्या अंगाला लावला. दिवसभर लावून हिंडले. नातीनं विचारलं, आजी, लागलं का? म्हटलं, नाही गं.

संध्याकाळी दिव्याखाली हात धरून सावकाश सोलली. कातडी होती तशी. मागं चिकटा नाही. एक पांढरा केस तेवढा घेऊन गेली.

चालतंय.